अण्णांच्या पाठीतलं पाणी

एका माणसाच्या चालण्याबद्दल मी एकदा खोटं बोललो. ज्यांच्याशी बोललो ते डॉक्टर होते, आणि ज्यांच्याबद्दल बोललो ते आमच्याच समाजातले, मला लहानपणापासून ओळखणारे एक टेलर होते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती हा अंक वाचेल तेव्हाच तिला कळेल, आणि ‘इतकी वर्षं गप्प कसे राहिलात?’ असं ती विचारेल. गप्प राहणं मला नेहमीच सोपं गेलं आहे, एवढंच.

आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे खरं तर गमतीजमती मागितल्या होत्या. ‘राव, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्म गेला तुमचा, दोन-चार मजेशीर अनुभव लिहा की. दिवाळीचा अंक आहे.’ मजेशीर अनुभव आहेत. एक-दोन सांगतोही. पण लिहायला बसलो की हात त्या एकाच गोष्टीकडे जातो, म्हणून या वेळी तीच लिहितो.

आधी कामाबद्दल. मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट आहे. पण इथे बंगळुरात आपल्या जुन्या मराठी घरांमध्ये जो हॉस्पिटलात जातो तो डॉक्टर, मग तो तिथे लिफ्ट चालवत का असेना. त्यामुळे मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत मी कायम ‘डॉक्टर सीनू’ राहिलो. सुरुवातीला मी दुरुस्ती करत असे. नंतर सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

मेंदू कवटीत कोरडा बसलेला नसतो. तो एका पाण्यात तरंगतो. तेच पाणी मणक्याच्या पोकळीतून खाली कंबरेपर्यंत उतरतं. ते तपासणं हे माझं काम. त्याला मराठीत मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मधे थांबून श्वास घ्यावा लागला होता. आम्ही ‘सीएसएफ’ म्हणायचो आणि वॉर्डबॉय म्हणायचे ‘बेन्निन नीरू’, म्हणजे पाठीचं पाणी. मला तेच नाव आवडायचं.

रोग्याला कुशीवर झोपवतात. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पाठ धनुष्यासारखी. कंबरेच्या मणक्यांमधल्या फटीतून लांब सुई आत जाते आणि तिच्या टोकातून पाणी थेंबाथेंबाने बाटलीत उतरतं. निरोगी माणसाचं हे पाणी इतकं नितळ असतं की बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं तर बारीक अक्षरंही वाचता येतात. आमची पहिली तपासणी तीच. अक्षरं धूसर दिसली की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. यंत्रं त्यानंतर.

नातेवाईक या प्रकाराला फार घाबरत. एका रोग्याचा मुलगा लॅबच्या खिडकीत येऊन म्हणाला, ‘काढलेलं पाणी तपासून झालं की परत घालणार ना?’ मी म्हटलं, गरज नाही, शरीर दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी नवीन बनवतं. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, ‘आमच्या गल्लीत एक दिवसाआड येतं, सार.’

अभिमानाचीही एक आठवण सांगून टाकतो, कारण पुढे अभिमानाचं फारसं काही नाही. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. नावं विसरायच्या, भलतंच बोलायच्या, एकदा पोस्टाच्या पेटीत घराची किल्ली टाकून आल्या. घरचे धरूनच चालले होते की वय झालं, बुद्धी गेली. त्यांच्या पाण्याच्या थेंबात मी काळी शाई मिसळली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काळ्या आकाशात खळं पडलेले चंद्र असावेत तशा गोल पेशी दिसल्या. बुरशी होती. मेंदूच्या आवरणात शिरलेली. औषधं झाली, बाई बऱ्या झाल्या आणि पेढे घेऊन लॅबमध्ये आल्या. दारावरच्या पाटीतल्या इंग्रजी स्पेलिंगची चूक दाखवून गेल्या. ती पाटी आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलली.

म्हणजे स्मृती गेलेला प्रत्येक माणूस गेलाच असं नसतं, हे मला ठाऊक होतं. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला अज्ञानाचा आडोसा घेता येणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे आमच्या सरांनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, एक नवीन काम हाती घेतलं. तोवर अल्झायमर आहे की नाही हे पक्कं कळायचं ते माणूस गेल्यावर, मेंदू कापून पाहिल्यावर. जिवंतपणी सगळा अंदाज. पण परदेशात लोकांना पाठीच्या पाण्यात दोन खुणा सापडल्या होत्या. एक अमायलॉइड नावाचं प्रथिन. या आजारात ते मेंदूतच साचून राहतं, म्हणून पाण्यात कमी उतरतं. दुसरं टाऊ. मेंदूच्या पेशी मरायला लागल्या की ते सुटून पाण्यात येतं, म्हणून वाढतं. एक आकडा खाली, दुसरा वर, असं दिसलं की अल्झायमरचा संशय बळावतो. सरांनी खटपट करून त्या तपासणीचे किट मागवले आणि पद्धत बसवण्याचं काम माझ्यावर सोपवलं.

मला त्या काळात दुसरं काही सुचत नव्हतं. किटमध्ये एक प्लास्टिकची ताटली असायची, तिच्यावर ओळीने बारीक वाट्या. प्रत्येक वाटीत एकेकाचं पाणी घालायचं, मग रसायनं, मग थांबायचं. रंग चढत जायचा. जितकं प्रथिन जास्त तितका रंग गडद. किट महाग, आणि एकदा उघडला की सगळा वापरायचा. त्यामुळे पाहुणे जमल्याशिवाय पंगत मांडायची नाही, असा आमचा नियम. पुरेसे नमुने गोळा होईपर्यंत ते फ्रीजरमध्ये वाट पाहत बसायचे.

हे नमुने आम्ही कशात ठेवायचो? वॉर्डात पेनिसिलिनच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या ढिगाने जमायच्या. काचेच्या, जाड बुडाच्या, रबरी बुचाच्या. त्या धुवायच्या, उकळायच्या, निर्जंतुक करायच्या आणि पाठीचं पाणी त्यांतच घ्यायचं. माझ्या आधीच्या पिढीपासून ही रीत होती. त्या काटकसरीचा आम्हाला अभिमान होता. बाहेरून कुणी पाहुणे आले की सर मुद्दाम दाखवायचे.

किट पुरवणाऱ्या कंपनीचा एक प्रतिनिधी होता, कोइमतूरकडचा. सडपातळ, बोलका, सतत घाई. कॉफी पिता पिता त्याचं लक्ष त्या बाटल्यांकडे गेलं.

‘काच नको सार. हे अमायलॉइड काचेला चिकटतं म्हणतात. प्लास्टिकच्या नळ्या वापरा. त्याही सगळ्या नाही, एका विशिष्ट प्रकारच्या.’

‘आणि त्या नळ्या कोण विकतं?’ मी विचारलं.

तो ओशाळून हसला. ‘आम्हीच, सार.’

आम्ही सगळे हसलो. तो गेल्यावरही मी त्याची नक्कल करून दाखवली. सर त्या वेळी बाहेरगावी होते. त्यांच्या कानावर ही गोष्ट मी घातली नाही, कारण मला ती सांगण्यासारखी वाटलीच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णा आमच्याकडे आले.

मारुती अण्णांचं शिवाजीनगरमध्ये बसस्टँडमागच्या गल्लीत दुकान होतं. खाली दुकान, वर घर. शाळांचे गणवेश, हॉटेलच्या वेटरांचे कोट, बँडवाल्यांचे झगमगते डगले. माझी शाळेची पहिली चड्डी त्यांनी शिवली आणि लग्नातला सूटही. माप घ्यायला त्यांना टेप फारशी लागत नसे. माणूस दुकानाची पायरी चढून येईपर्यंत त्याचा खांदा किती, कंबर किती, हे त्यांनी मनात लिहून घेतलेलं असायचं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली सरोजाक्का म्हणायची, मी नुसतं अक्का. त्यांची मुलगी विमला माझ्याहून थोडी लहान. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती आणि दुकान तीच बघत होती.

अण्णांचं काय झालं ते मला विमलानेच सांगितलं. ‘गेल्या महिन्यात एका वेटरच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या, रे. मी हसले. तेही हसले. मग बाह्यांकडे बघतच राहिले.’ त्यानंतर बोलणं कमी झालं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायचं, पण एखाद्या लांबच्या खोलीतून यावं तसं उशिरा. चालणं तर फारच बिघडलं. पाय उचलतच नव्हते. अक्का म्हणाल्या, ‘तळव्यांना डिंक लावलाय असं चालतात.’ आणि लघवीचा ताबा गेला होता. ते सांगताना त्या भिंतीकडे बघत होत्या.

मीच त्यांना आमच्या हॉस्पिटलात आणलं. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या मेंदूरोगतज्ज्ञांनी, नीट तपासलं. स्कॅनमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या दिसत होत्या. त्यांनी दोघींना समोर बसवून कन्नडमध्ये समजावून सांगितलं. मी बाजूलाच उभा होतो. दोन शक्यता आहेत, ते म्हणाले. एक, मेंदूच सुकत चाललाय आणि रिकाम्या जागेत पाणी भरलंय. तो अल्झायमर असेल तर आपल्या हातात फारसं नाही. दुसरी, पाण्याचा निचरा नीट होत नाही आणि ते तुंबलंय. तसं असेल तर डोक्यातून पोटात एक बारीक नळी घालायचं ऑपरेशन असतं. चालणं सुधारतं, कधी कधी बुद्धीही. पण या वयात कवटीला भोक पाडायचं म्हणजे धोका आहे, म्हणून खात्री हवी.

खात्रीसाठी एक साधा प्रयोग असतो. पाठीतून नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी काढायचं आणि माणसाला चालवून बघायचं. तुंबलेलं असेल तर भार हलका होऊन पाय सुटतात. त्याप्रमाणे अण्णांचं पाणी काढलं. तासाभराने त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवलं. काही फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर अक्कांना म्हणाले, ‘कधी कधी फरक उशिरा दिसतो, अम्मा. दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवा. स्वल्प जरी वेगळं वाटलं तरी येऊन मला सांगा.’

काढलेल्या पाण्यातलं थोडं माझ्याकडे आलं. पेनिसिलिनच्या बाटलीत.

त्याच आठवड्यात पंगत मांडायची होती. मी अण्णांचं पाणी त्यात बसवलं. आकडा आला. अमायलॉइड खूप कमी. टाऊ मात्र वाढलेलं नव्हतं. दोन खांबांपैकी एकच उभा होता. पण मी पाहिला तो उभा असलेला. इतके दिवस माझे आकडे नुसते संशोधनासाठी होते, कुठल्याही रोग्याचं त्यावरून काही ठरत नव्हतं. हा पहिला आकडा होता जो कुणाच्या तरी उपयोगी पडणार होता. मी कागदावर लिहिलं, ‘अल्झायमरशी सुसंगत’, आणि तो स्वतः नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. टाऊबद्दल एक ओळ लिहिली, पण खाली, बारीक अक्षरात.

त्या संध्याकाळी मी शिवाजीनगरला गेलो.

अक्का जिन्यातच भेटल्या. माझा दंड धरून वर नेता नेता बोलत सुटल्या. ‘काल सकाळी मी कॉफी करत होते, सीनू. मागे वळून बघते तर हे मशीनजवळ उभे! खाटेवरून आपण होऊन उठले, चालत गेले. सुईत दोरा ओवायला बघत होते. ओवला नाही गेला, ते सोड. पण पाय उचलून चालले रे. आणि रात्रभर लुंगी कोरडी.’

अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो. ‘काय अण्णा, कसं वाटतंय?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे. मग म्हणाले, ‘कॉलर विरलीय तुझी. काढून दे. उलटून देतो.’

कित्येक महिन्यांत हा माणूस असं पूर्ण वाक्य आपण होऊन बोलला नव्हता. अक्कांनी तोंडावर पदर धरला. विमला माझ्याकडे बघायला लागली, आता मी काय म्हणतो म्हणून.

माझ्या डोक्यात आकडा होता. मी म्हणालो, ‘अक्का, पाणी काढलं की एक-दोन दिवस थोडी हुशारी वाटते. ती टिकत नाही. आणि आपल्याला जे बघायचं असतं तेच आपल्याला दिसतं. मनाचा खेळ असतो तो.’

‘माझ्या मनाने लुंगी कोरडी ठेवली काय रे?’ अक्का म्हणाल्या.

विमला हसली. मीही हसलो. मग मी समजूतदार आवाजात पुढचं सांगितलं. रिपोर्ट आलाय, तो त्या दुसऱ्या आजाराकडे बोट दाखवतोय. अण्णांच्या डोक्याला भोक पाडून उगाच हाल कशाला करायचे. विमलाने मान डोलावली. ऑपरेशनचं नाव काढल्यापासून तिची झोप उडाली होती. तिला ‘नको’ म्हणायला कुणीतरी शिकलेलं माणूस हवं होतं, आणि ते मी होतो.

जाताना मी विचारलं, ‘डॉक्टरांना भेटून सांगणार का हे?’

‘कशाला?’ अक्का म्हणाल्या. ‘तिथे नंबर लावायचा, अर्धा दिवस बाकावर बसायचं. तू आहेस की. तुला सांगितलं म्हणजे हॉस्पिटलला सांगितलं. सरी?’

‘सरी, अक्का.’ म्हणजे, ठीक आहे, सांगतो.

ही आपल्या लोकांची सवय आहे. बँकेत आपला माणूस, इलेक्ट्रिसिटी ऑफिसात आपला माणूस, हॉस्पिटलात आपला माणूस. त्याच्या कानावर घातलं की काम झालं. त्या सवयीला मी दोष देत नाही. बहुतेक वेळा काम होतंही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कॉरिडॉरमध्ये भेटले. माझा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. ‘इंटरेस्टिंग,’ ते म्हणाले. ‘पण राव, टाऊ नॉर्मल आहे. त्या चालीवरून मला पाणी तुंबल्याचाच संशय जास्त आहे. तुमचे ओळखीचे ना ते? घरच्यांना काही फरक वाटला का?’

मी म्हणालो, ‘नो चेंज, सर.’

त्यांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. वॉर्डात राउंड चालू होता, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. मी त्यांच्यामागे दोन पावलं जाऊन बोलू शकलो असतो.

का बोललो तसं? मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. अण्णांचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. उलट त्यांना वाचवतोय असं वाटत होतं. पण खरं कारण याहून छोटं आहे. अक्कांचं म्हणणं सांगितलं असतं तर माझा आकडा बाजूला पडला असता. एका बाईने स्वयंपाकघरातून पाहिलेली गोष्ट माझ्या ताटलीतल्या रंगापेक्षा जड ठरली असती. ते मला नको होतं.

ऑपरेशन झालं नाही. कुटुंबाने नको म्हटलं, डॉक्टरांनी आग्रह धरला नाही. त्यांच्या हाती जी माहिती होती तिच्यावरून ते बरोबरच वागले.

पुढे काही महिन्यांनी सरांनी त्या प्लास्टिकच्या नळ्या मागवल्या. कुठल्याशा परिषदेत कुणीतरी तोच इशारा दिला होता. सर म्हणाले, करून तर बघू. मी एकाच रोग्याचं पाणी दोन्हींत ठेवलं, काही काचेत, काही प्लास्टिकमध्ये, आणि दोन्ही एकाच ताटलीवर शेजारी शेजारी मांडली. रंग चढला. प्लास्टिकच्या वाट्या गडद झाल्या. काचेच्या फिक्याच राहिल्या. पुन्हा केलं, दुसऱ्या रोग्यांचं पाणी घेऊन. पुन्हा तेच. प्रथिन काचेच्या भिंतीला चिकटून बसत होतं आणि मी त्या उणेपणाला आजाराचं नाव देत होतो. टाऊला काचेने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे अण्णांच्या रिपोर्टातली जी ओळ मी बारीक लिहिली होती, तिच्यावरच जास्त विसंबायला हवं होतं.

सर सरळ माणूस. त्यांनी काचेतले सगळे जुने आकडे बाद केले. होऊ घातलेला लेख मागे घेतला. मग मला विचारलं, ‘यांतला कुठला रिपोर्ट वॉर्डात गेला होता का?’

‘एक गेला होता, सर. पण त्या केसमध्ये बाकीची लक्षणंही जुळत होती.’

‘डॉक्टरांना कळवून टाक,’ ते म्हणाले.

‘हो,’ मी म्हणालो.

त्या रविवारी मी शिवाजीनगरला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो. आधी या दोघींना सांगायचं, मग सोमवारी डॉक्टरांना. अजून उशीर झालेला नसेल, पुन्हा पाणी काढून बघता येईल, असं वाक्य बसमध्ये जुळवत होतो.

अण्णा आता अंथरुणालाच होते. पाय काटक्यांसारखे झाले होते. अक्का त्यांना चमच्याने गंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवत होत्या. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, ‘ये सीनू. आठवतं तुला? त्या दिवशी चालले होते. त्या मशीनपर्यंत.’

विमला आतून आली. थकलेली होती. ‘आई, पुरे झालं गं. रोज तेच. येईल त्याला तेच सांगत बसतेस. सीनूनेच सांगितलं होतं ना, मनाचा खेळ असतो? तूच सांग रे हिला परत. माझं ऐकत नाही. गल्लीतले लोक आता हिलाच डॉक्टरकडे न्या म्हणतात.’

दोघी माझ्याकडे बघत होत्या. अक्कांच्या हातातला चमचा अर्ध्यावर थांबला होता.

सांगायची वेळ हीच होती. मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्या दिशेने बघत होते, पण आता गळ्याकडे नाही, कुठेच नाही. मी म्हणालो, ‘असू दे गं विमला. त्यांना बरं वाटतं तर सांगू दे.’

या वाक्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. ‘नो चेंज, सर’ हे मी आकड्यावर विश्वास ठेवून बोललो होतो. हे बोललो तेव्हा मला सगळं माहीत होतं. वरून ते किती मायेने बोललो!

अक्कांनी चमचा अण्णांच्या तोंडाशी नेला. विमलाने कॉफी आणली, मी प्यायलो. सोमवारी मी डॉक्टरांकडे गेलो नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. मग अण्णांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

त्यानंतर मी लॅबमध्ये फार कडक झालो. कुठल्या नळीत पाणी घ्यायचं, किती वेळात थंड करायचं, किती वेळा एका नळीतून दुसरीत ओतायचं, यावरून मी नव्या मुलामुलींना पिडलं. माझ्यामागे ते मला ‘नळीवाले राव’ म्हणायचे. आज या तपासण्या पुष्कळ पक्क्या झाल्या आहेत. नमुना कसा घ्यावा याचे नियम आहेत, सगळेजण ते पाळतात, आणि योग्य माणसाला योग्य वेळी त्या फार मदत करतात. माझी गोष्ट वाचून कुणी पाठीतून पाणी काढू द्यायला घाबरू नये. सुई प्रामाणिक असते. काचही प्रामाणिकच होती, तिचा स्वभाव तो.

बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं की पाणी तुंबण्याच्या त्या आजारातही अमायलॉइडचा आकडा कमी येऊ शकतो. म्हणजे मी पहिल्यापासून प्लास्टिक वापरलं असतं तरी कदाचित तसाच फसवा आकडा मिळाला असता. हे वाचल्यावर मला काही दिवस हलकं वाटलं. घरातही मी जरा जास्त बोललो असेन, बायकोने विचारलं, आज काय विशेष? मग एका सकाळी दाढी करताना उमगलं की यातून माझी सुटका होत नाही. आकडा चुकणं हे या धंद्यात होतं. माझ्यापाशी आकड्याव्यतिरिक्त आणखी एक पुरावा आला होता, तोही डॉक्टरांनी मागितलेला. तो मी पोचवला नाही. आणि जिने तो आणून दिला होता, तिलाच मी खोटं पाडलं.

ऑपरेशनने अण्णा बरे झाले असते असा माझा दावा नाही. कदाचित टेबलावरच गेले असते. कदाचित आणखी काही वर्षं कॉलरी उलटत बसले असते. ते कुणालाच माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायची जी एक वाट होती ती मी बंद केली.

अक्का त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. शेवटपर्यंत त्या आल्यागेल्याला तो दिवस सांगत. नातवंडं चेष्टा करायची. ‘आजी, आजोबा त्या दिवशी मशीनपर्यंत गेले की बसस्टँडपर्यंत?’ अक्का चिडायच्या. शेवटी शेवटी त्यांनी सांगणं सोडलं. विमला मला म्हणाली, ‘बरं झालं बाई, विसरली एकदाची.’ मला नाही वाटत त्या विसरल्या असतील.

विमला अजून शिवाजीनगरमध्येच असते. मंडळाच्या कार्यक्रमांना येते. भेटली की सुनेला, व्याह्यांना माझी ओळख करून देते. ‘या सीनूमुळे आमचे अण्णा सुरीखालून वाचले. फार आधार दिला त्या वेळी.’ मी हात जोडतो. लोकांना वाटतं, विनय आहे.

हा अंक तिच्या घरीही जातो. छापलेलं वाचून तिला कळावं, हे बरं नाही. लेख मी उद्या संपादकांकडे देईन. अंक निघायच्या आत मला शिवाजीनगरला जायचं आहे. मी याआधीही ठरवून गेलो होतो आणि कॉफी पिऊन परत आलो होतो, तेव्हा या ठरवण्याला किती किंमत द्यायची ते वाचकांनी ठरवावं.

अण्णांना मी जे देणं लागत होतो ते आता फिटण्यासारखं नाही. अक्कांचंही नाही. विमलाला मात्र मी अजून एक गोष्ट देणं लागतो, तोंडाने, तिच्यासमोर बसून. तुझी आई खोटं बोलत नव्हती, तिला भासही झाला नव्हता. त्या दिवशी अण्णा खरंच चालले होते, आणि ते मला माहीत होतं.